ताऱ्याची गिरकी आणि तळ्याचे गणित



धामापुरात येऊन ताऱ्यांवर बोलावयाचे, तरी तळ्यापासून आरंभ केल्यावाचून आमची सुटका नाही. विजयनगरच्या अमदानीत १५३० साली नागेश देसाई यांनी ग्रामस्थांना बरोबर घेऊन हा बांध घातला. २०२० साली त्याला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला, हे आपण जाणताच. बांध घालणाऱ्याला एक प्रश्न चुकत नाही: पाणी किती साठवले म्हणजे वाईट वर्षेही निभावतील? हाच प्रश्न पुढे नाईल नदीवर एका इंग्रज अभियंत्याने हाती घेतला, आणि त्याने काढलेले गणित आज तारे स्वतःभोवती किती दिवसांत फिरतात हे शोधण्याच्या कामी येत आहे. पाण्याचा आणि ताऱ्यांचा हा संबंध पुढे येईलच. आधी, तारा फिरतो हे कळते कसे, ते पाहू.

दुर्बिणीतूनही तारा म्हणजे ठिपकाच. ठिपक्याची गिरकी दिसणार कशी? समजा, एका कंदिलाची काच एका अंगाने काजळली आहे आणि कंदील दोरीला टांगून सावकाश फिरतो आहे. दूर अंधारात उभ्या माणसाला काजळी दिसत नाही. पण उजेड मंद होतो, पुन्हा वाढतो, पुन्हा मंद होतो. दोन मंदाव्यांमधला वेळ मोजला की एक फेरी कळली. ताऱ्यावरची काजळी म्हणजे त्याचे डाग. २००६ च्या डिसेंबरात सोडलेला फ्रान्सचा 'कोरो' उपग्रह आणि २००९ पासून २०१८ पर्यंत चाललेली अमेरिकेची 'केप्लर' दुर्बीण यांनी असे लक्षावधी कंदील पाहिले. केप्लरच्या नोंदींवरून २०१४ साली चौतीस हजारांवर ताऱ्यांचे परिवलनकाळ प्रसिद्ध झाले.

मग अडले कुठे? अडले ते आपल्या सूर्यापाशी. सूर्याचे डाग सरकतात हे गॅलिलिओच्या काळापासून ठाऊक आहे. कोडाईकनालला १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत. (पुण्याची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा १९१२ साली बंद झाली आणि तिची साधने तिकडेच गेली, याची रुखरुख आम्हां मराठी माणसांना अजून वाटावी.) सूर्याचा मध्यपट्टा सुमारे पंचवीस दिवसांत फिरतो, ध्रुवांकडच्या भागाला महिन्याहून अधिक लागतो. त्यातून बहुतेक डाग एक फेरी पुरी होण्याआधीच विरतात. म्हणजे कंदील फिरतो आहे खरा, पण कोणी तरी मधून मधून काच पुसतो आहे आणि दुसरीकडे काजळी धरवतो आहे. अशा वेळी मंदावे मोजून काय हाती लागणार? सूर्य दुसऱ्या एखाद्या ताऱ्यावरून पाहिला, तर त्याचा परिवलनकाळ या रीतीने सापडणे फार कठीण जाईल.

आता नाईलकडे वळू. हॅरल्ड हर्स्ट १९०६ साली इजिप्तला गेले आणि जन्मभर नदीच्या पाण्याचा हिशेब करीत राहिले. कैरोजवळ रोडा बेटावरील पाणमापीच्या नोंदी इ. स. ६२२ पासूनच्या आहेत. वर्षे नाण्याच्या छापा-काट्यासारखी एकमेकांशी असंबद्ध असती, तर चौपट काळाची बेगमी करण्यास साठा दुप्पट पुरता. हर्स्ट यांनी १९५१ साली दाखविले, की निसर्गातल्या नोंदींना पावणेतिपटीच्या आसपास साठा लागतो. कारण सुकाळापाठोपाठ सुकाळ येतो आणि दुष्काळापाठोपाठ दुष्काळ. नदीला जणू आठवण असते! ही आठवण किती दाट, ते सांगणारा आकडा म्हणजे हर्स्टचा घातांक. छापा-काट्याला तो अर्धा; हर्स्ट यांना सरासरीने मिळाला सुमारे ०.७३.

पुढे मँडेलब्रॉट यांनी या आकड्याची सांगड आकृतीच्या खडबडीतपणाशी घातली. मालवणचा किनारा लांब दोरीने मोजा, मग वीतभर काठीने मोजा. काठी लहान तशी लांबी वाढत जाते, कारण वळणात वळण असते. अशा आकृतींना त्यांनी १९७५ साली 'फ्रॅक्टल' हे नाव दिले. ताऱ्याच्या उजेडाची कागदावर काढलेली रेषाही अशीच दंतुर असते. तिला मंदाव्याचा ताल नसला तरी आठवण असते; जो डाग काल समोर होता तो आजही थोडाबहुत समोरच असतो.

ब्राझीलमधील द फ्रेटास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरोच्या रेषांवर हे गणित चालविले. तेथे एका घातांकाने भागत नाही. बारीक लहरींचा खडबडीतपणा एक, मोठ्या लाटांचा दुसरा. हा फरक किती, ते मोजावे लागते. २०१६ साली त्यांनी मांडले, की या फरकाचे माप ताऱ्याच्या परिवलनकाळाशी बांधलेले आहे. त्यांचा दुसरा निष्कर्ष आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. रेषेतले आकडे चिठ्ठ्यांप्रमाणे पिसले, तर आकडे तेच राहतात, क्रम तेवढा मोडतो. हा फरक मुख्यतः त्या क्रमातून येतो, एखाददुसऱ्या मोठ्या उसळीतून नव्हे, असे त्यांना आढळले.

तथापि हुरळून जाऊ नये. केप्लर दुर्बीण दर तीन महिन्यांनी कूस बदलीत असे, आणि त्या वेळी उजेडाच्या नोंदीत पायरी पडे. ती नीट काढली नाही, तर गणित यंत्राची आठवण सांगेल आणि आपण ती ताऱ्याची समजू. आज हा आकडा घड्याळ म्हणून वापरण्याइतका पक्का झालेला नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. तारा म्हातारा होतो तसा मंद फिरतो. स्कुमानिच यांनी १९७२ साली त्याचा नियम सांगितला: वय चौपट झाले की गती निम्मी. म्हणजे गिरकी कळली की वयाचा अंदाज येतो. आणि याहून जवळचाही एक प्रश्न आहे. २०२० साली सूर्यासारख्या, पण परिवलनकाळ ठाऊक असलेल्या ३६९ ताऱ्यांशी सूर्याची तुलना झाली. त्यांचा उजेड सूर्याच्या सुमारे पाचपट हेलकावतो! काळ न सापडलेले अडीच हजारांवर तारे मात्र सूर्याइतकेच शांत निघाले. मग आपला सूर्य स्वभावतःच शांत आहे, की पुढेमागे तोही खवळेल? याचे उत्तर त्या अडीच हजारांच्या गिरकीत आहे, आणि नेमकी तीच साध्या रीतीने मोजता येत नाही.

त्या सर्व ताऱ्यांच्या रेषा कोणासही वापरण्यास खुल्या आहेत; त्यासाठी दुर्बीण लागत नाही. नमुन्यादाखल दोन रेषा आम्ही मोठ्या कागदावर काढून आणल्या आहेत. एक तालात आहे, दुसरी बेताल. सभा संपल्यावर त्या या मेजावर ठेवू. मुलांनी आधी पुढे यावे.