सीमा ओलांडणारा माल आणि त्याचा खरा परिचय
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाची संहिता)



एका देशातील माल दुसऱ्या देशात जातो तेव्हा त्याच्याबरोबर कागदांचे एक बाडही जाते. बीजक, पॅकिंग लिस्ट, जहाज कंपनीचे बिल ऑफ लेडिंग, मालाच्या उत्पत्तीचा दाखला, फळे वा धान्य असल्यास ते कीडमुक्त असल्याचे प्रमाणपत्र आणि सीमाशुल्क खात्याकडे दाखल करावयाचे शिपिंग बिल, असे हे बाड असते. सामान्य माणूस त्याकडे सरकारी जाच म्हणून पाहतो आणि व्यापारी खर्चाची एक बाब म्हणून. दोन्ही दृष्टींत काही तथ्य आहे. परंतु या कागदांचे मूळ कार्य निराळे आहे. ज्या अधिकाऱ्याने तो माल पूर्वी कधी पाहिलेला नाही आणि ज्याला तो पिकवणाऱ्याची वा घडवणाऱ्याची भाषा येत नाही, त्याला त्या मालाचा खरा परिचय करून देणे, हे ते कार्य होय. हा परिचय अपुरा राहिला तर उत्तम मालही बंदरात पडून राहतो, आणि खोटा ठरला तर माल व पत दोन्ही जातात. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा परिचय आहे.

ही व्यवस्था आधुनिक राज्यसंस्थेने निर्माण केली, असा समज आढळतो. कौटिलीय अर्थशास्त्राचे दुसरे अधिकरण वाचले की तो दूर होतो. या ग्रंथाची संशोधित आवृत्ती प्रा. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी सिद्ध केली, हे मराठी अभ्यासकांस ठाऊक आहे. त्यात शुल्काध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाळा असावी, तिच्यावर ध्वज असावा, आणि तेथे चार-पाच अधिकाऱ्यांनी येणाऱ्या व्यापाऱ्यांची नोंद करावी, असे तेथे सांगितले आहे. नोंद कशाची? व्यापारी कोण, कोठून आले, त्यांच्याजवळ माल किती, आणि मालावरची ओळखीची मुद्रा कोठे उमटवली गेली. मुद्रा नसेल तर शुल्काच्या दुप्पट आणि मुद्रा बनावट असेल तर आठपट दंड आहे. शुल्काच्या भयाने मालाचे प्रमाण वा किंमत कमी सांगितली, तर वाढीव भाग राजाने घ्यावा, असाही नियम आहे.

त्याच अध्यायात विवाह, यज्ञ, प्रसूती, उपनयन अशा कार्यांसाठी नेल्या जाणाऱ्या वस्तूंना शुल्कमाफी दिलेली आहे. मात्र खोटे कारण सांगून ही माफी मिळवणाऱ्यास चोरीची शिक्षा सांगितली आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या नियमांत आजच्या सीमाशुल्क कायद्याचा सांगाडा स्पष्ट दिसतो. मालाची नोंद, त्याचे मूल्य, सीलबंद मुद्रा, भेटवस्तूंची सवलत आणि असत्य कथनाचा दंड, ही पाचही अंगे तेथे आहेत.

शुल्क केवळ तिजोरी भरण्यासाठी असते, हा दुसरा समज होय. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्रव्यवहारातील १६७१ सालचे कुडाळच्या अधिकाऱ्यास धाडलेले पत्र या संदर्भात प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडत असल्याने व्यापारी तिकडे वळू लागले होते आणि स्वराज्याच्या मुलखातील मिठागरांवर संकट येण्याची चिन्हे होती. बाहेरच्या मिठावर अशी जबर जकात बसवावी की ते आपल्या मिठापेक्षा महाग पडेल, असा त्या आज्ञेचा आशय आहे. आज ज्यास संरक्षक शुल्क म्हणतात, त्याचे हे नेमके उदाहरण होय. परंतु असे शुल्क लावायचे तर मीठ बारदेशचे की राजापूरचे, हे नाक्यावर ओळखता आले पाहिजे. धोरण दरबारात ठरत असले तरी त्याची सिद्धी नाक्यावरच्या खऱ्या नोंदीवर अवलंबून असते.

आजची सीमा प्रत्येक मालाला चार प्रश्न विचारते. वस्तू कोणती, तिचे मूल्य किती, ती मूळची कोठली, आणि ती येथे येऊ देण्याजोगी आहे काय?

पहिला प्रश्न सर्वांत सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो सर्वांत अवघड आहे. जगातील प्रत्येक भाषेत वस्तूंना निराळी नावे असल्यामुळे ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेने एक समान सूची तयार केली. १ जानेवारी १९८८ पासून अमलात आलेल्या या सूचीला व्यवहारात एच.एस. म्हणतात. तिच्यात पाच हजारांहून अधिक वस्तुगट असून प्रत्येकास सहा अंकी क्रमांक आहे. भारताने पुढे दोन अंक जोडून आठ अंकी सूची केली. आपल्या पापडाला या भारतीय सूचीत १९०५ ९० ४० असा स्वतःचा क्रमांक आहे. ताज्या आंब्यात हापूस, केशर, लंगडा यांच्या निराळ्या नोंदी आहेत. परंतु प्रत्येक वस्तूच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. जिला नाव नाही तिला तिच्या घटकांवरून, प्रक्रियेवरून व उपयोगावरून योग्य घरात बसवावे लागते, आणि घर बदलले की शुल्काचा दरही बदलतो. म्हणून वर्गीकरणाचे वाद न्यायालयांपर्यंत जातात.

दुसरा प्रश्न मूल्याचा. भारताच्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातील कलम १४ नुसार, विक्रेता व ग्राहक यांचा परस्परांशी हितसंबंध नसेल आणि भाव हाच व्यवहाराचा एकमेव आधार असेल, तर प्रत्यक्ष ठरलेली किंमत हे मूल्य मानले जाते. अधिकाऱ्याला ते संशयास्पद वाटल्यास तो पुरावा मागू शकतो.

तिसरा प्रश्न उत्पत्तीचा. भारत व संयुक्त अरब अमिराती यांच्यातील करार १ मे २०२२ पासून, तर ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आला. अशा करारांची सवलत त्या देशात खरोखर उत्पन्न झालेल्या मालालाच मिळते. एका देशात विणलेले कापड दुसऱ्या देशात नुसते नव्या खोक्यात भरल्याने त्या दुसऱ्या देशाचे ठरत नाही. २०२० च्या नियमांनी हा पुरावा जवळ बाळगण्याची जबाबदारी भारतीय आयातदारावरही टाकली आहे.

चौथ्या प्रश्नाचे गांभीर्य महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदारांनी २०१० साली अनुभवले. त्या वर्षीच्या घटनेत मोठा बोध आहे. नाशिक परिसरातील द्राक्षे न्हावा शेवा बंदरातून शीत कंटेनरमध्ये रॉटरडॅमला जातात. बागेची नोंदणी, पॅकहाऊसमधील प्रतवारी, प्रशीतन, कीडमुक्ततेचा दाखला, सील आणि शिपिंग बिल अशी सारी साखळी बांधलेली असते. अपेडा या संस्थेने २००६ पासून ग्रेपनेट नावाची संगणकीय व्यवस्था सुरू केली होती, जिच्यामुळे युरोपातील दुकानात पोचलेल्या पेटीचा माग थेट बागेपर्यंत काढता येतो. २०१० साली ही साखळी अखंड होती आणि कागदही पूर्ण होते. तरीही युरोपातील तपासणीत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले. तेथील मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम इतकी सूक्ष्म होती. वेलींची अनावश्यक वाढ रोखण्यासाठी हे द्रव्य येथे सर्रास वापरले जात होते. मात्र येथील प्रयोगशाळांनी तपासावयाच्या रसायनांच्या यादीत त्याचे नावच नव्हते. कंटेनर परदेशी बंदरांत अडकले, ग्राहकांनी माल नाकारला आणि बागायतदार व निर्यातदार यांना जबर आर्थिक फटका बसला.

या प्रसंगी कोणी खोटे लिहिले नव्हते. जे विचारले होते त्याचे उत्तर खरे दिले गेले. पण पलीकडचा देश एक प्रश्न अधिक विचारत होता आणि तो येथे कोणाच्या ध्यानी आला नव्हता. मालाचा परिचय देणाऱ्याने आपल्या दप्तरातील रकाने भरून थांबू नये, परिचय करून घेणाऱ्याला काय जाणून घ्यायचे आहे तेही शोधावे, हा या हानीचा धडा होता. पुढे ते द्रव्य तपासणीच्या यादीत आले, बागायतदारांचे प्रबोधन झाले आणि युरोपची बाजारपेठ टिकली. या सुधारणेची किंमत मात्र ज्यांच्या बागा कर्जावर उभ्या होत्या त्यांनी मोजली.

मोठ्या व्यापाराकडून घरगुती व्यवहाराकडे वळले, तरी प्रश्न तेच राहतात. महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या अनेक मराठी कुटुंबांची पुढची पिढी आज देशाबाहेर आहे, आणि दिवाळीच्या आधी तिच्याकडे फराळाचा डबा धाडला जातो. त्या डब्याबरोबर टपाल खात्याचे सी.एन. २२ वा सी.एन. २३ हे सीमाशुल्क घोषणापत्र जाते. त्यावर ‘घरचा खाऊ’ एवढेच लिहिले, तर परदेशातील अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. चकली म्हणजे तांदूळ व डाळींच्या भाजणीचा तळलेला पदार्थ, बेसनाचा लाडू म्हणजे हरभऱ्याचे पीठ, तूप व साखर, असे प्रत्येक वस्तूचे घटक, वजन व मूल्य स्वतंत्र ओळीत लिहिले तर डबा सहसा अडत नाही. भेट म्हणून मूल्याच्या रकान्यात शून्य लिहिण्याची प्रथाही चुकीची आहे. विक्रीसाठी नसलेल्या वस्तूलाही मूल्य असते. युरोपीय संघात व्यक्तीने व्यक्तीला धाडलेल्या भेटीस ४५ युरोपर्यंत सवलत आहे. ती मूल्य लिहिल्यावरच मिळते.

काही वस्तू खऱ्या परिचयानंतरही नाकारल्या जातात. पेढे व खवा यांसारखे दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघ खाजगी टपालातून येऊ देत नाही. पूजेसाठी धाडलेली आंब्याची पाने वा पेरणीयोग्य बियाणे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये कडक तपासणीस पात्र ठरतात. तेथील शेतीत नसलेली कीड एका पाकिटातून शिरू शकते, हे त्यामागचे कारण आहे. जो देश आपल्या बागा राखतो, त्याच्या नियमाला आकस म्हणणे योग्य नव्हे.

नियम एका रात्रीत बदलू शकतात, याचा प्रत्यय २०२५ साली आला. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या लहान पार्सलांना असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. शुल्क कोणी व कसे गोळा करावे हे स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याने अमेरिकेकडे जाणारी पार्सले काही काळ थांबवली, आणि सेवा ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या अगदी तोंडावर, पूर्ववत झाली. लहान कारागीर व घरगुती उद्योग चालवणाऱ्या महिला यांना अशा बदलाचा धक्का अधिक बसतो. कारण मोठ्या व्यापाऱ्याजवळ कस्टम्स ब्रोकर असतो, त्यांच्याजवळ नसतो. म्हणून माल बांधण्यापूर्वी त्या दिवशीचा नियम पाहणे ही त्यांच्यासाठी अत्यावश्यक खबरदारी आहे.

या विषयाचा गाभा एका दुरुस्तीत आहे. २०११ साली भारताने सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ मध्ये स्वयंनिर्धारणाचे तत्त्व आणले. वस्तू कोणती, मूल्य किती, शुल्क किती, हे आता प्रथम आयातदार वा निर्यातदार स्वतः लिहितो. प्रत्येक पेटी उघडली जात नाही. कोणती तपासावी हे बहुतांशी संगणकीय जोखीम-प्रणाली ठरवते. याचा अर्थ असा की राज्याने नागरिकाच्या शब्दावर विश्वास ठेवला आहे. जाणूनबुजून खोटे लिहिणाऱ्यास कलम ११४ एए अन्वये मालाच्या मूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि येथे अर्थशास्त्रातील आठपट शुल्काचे स्मरण होते. परंतु दंडापेक्षा मोठी हानी दुसरीच असते. एका निर्यातदाराच्या असत्य कथनामुळे त्या देशातून येणाऱ्या प्रत्येक कंटेनरकडे संशयाने पाहिले जाते, आणि ज्यांनी खरे लिहिले त्यांचा नाशवंत मालही तपासणीच्या रांगेत थांबतो.

परभाषिक प्रांतातील मराठी शाळेत शिकणारे मूल लहानपणापासून एक गोष्ट नकळत शिकते. शेजारच्या मित्राला अनारसे म्हणजे काय, गुढी कशासाठी उभारतात, हे त्याच्या भाषेत, त्याला कळेल अशा शब्दांत सांगावे लागते; न वाढवता, न लपवता सांगावे लागते. आपल्या वस्तूचे नेमके वर्णन करणे आणि ऐकणाऱ्याला काय विचारायचे आहे हे ओळखणे, या दोन्ही गोष्टी त्यातून अंगवळणी पडतात. साठ वर्षांत या शाळेने जे संस्कार दिले, त्यांत हाही एक आहे. उद्या येथील विद्यार्थी व्यापारात उतरले, बंदरात वा विमानतळावर अधिकारी झाले, अथवा केवळ लेकीसाठी फराळाचा डबा बांधू लागले, तरी त्यांना हीच शिकवण उपयोगी पडेल.