स्लाइडवर न मावलेलं

मी साधा बी.ए. आहे. शोधनिबंध मी एकही लिहिलेला नाही. तरी मराठीच्या विद्यार्थ्यांची सादरीकरणं ऐकायला मला अधूनमधून बोलावतात, कवी म्हणून. 2020च्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षात संशोधनाची वाट उघडली. ज्यांच्या घरात ‘प्रबंध’ हा शब्द कधी कुणी उच्चारला नाही, अशी मुलं आता तो लिहायला बसतात. काही प्राध्यापक त्यांना आधी दहा मिनिटं स्लाइड दाखवून बोलायला लावतात. मला ही रीत आवडते.

परवा एका मुलीने शाहीर अमर शेखांवर सादरीकरण केलं. पडद्यावर ओळी उमटल्या : जन्म 1916, बार्शी. लाल बावटा कलापथक. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. ‘कलश’ हा कवितासंग्रह. सगळं बरोबर, पण एकाही ओळीत क्रियापद नाही! मागून कुणीतरी विचारलं, “मैदानात गाणारा शाहीर पुस्तकात तसाच राहतो का?” ती अडखळली. मग म्हणाली, “गाताना धृपद लोक उचलतात. पुस्तकात कोण उचलणार? म्हणून रचना बदलत असावी.” हा ‘म्हणून’ स्लाइडवर कुठेच नव्हता. निबंध तर त्याच्यासाठीच लिहायचा.

तुटक मुद्द्यांत खात्रीचं किती आणि अंदाजाचं किती, हे झाकलं जातं. 2003 साली कोलंबिया यान कोसळून सात अंतराळवीर गेले. त्या चौकशी मंडळानेही तांत्रिक निबंधांऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या ‘नासा’तल्या सवयीवर बोट ठेवलं होतं.

मग स्लाइड करावी कशी? मथळ्यात पूर्ण वाक्य लिहावं. ‘अमर शेख : काव्य’ यातून काहीच कळत नाही. ‘गाण्यासाठी रचलेली कविता छापताना बदलते’ असं लिहिलं, की खाली पुरावा मागितला जातो. कोणती आवृत्ती, कोणतं पान? पुरावा नसेल तर स्लाइड काढावी. वीस पानं लिहून झाल्यावर हे कळण्यापेक्षा ते बरं. जुने अभ्यासक टिपणांची कार्डं पुढेमागे लावून बघत, तशा स्लाइडही सरकवाव्यात. दोघींची अदलाबदल करूनही काही बिघडलं नाही, तर त्यांच्यात कार्यकारणाचा धागा नाही असं समजावं.

आता यंत्र मिनिटभरात देखण्या स्लाइड करून देतं. देऊ दे. मागच्या बाकावरून आलेल्या प्रश्नाला उभं राहून उत्तर मात्र आपल्यालाच द्यावं लागतं. मुशायऱ्यात शेर पडला तर शायराला तिथल्या तिथे कळतं. छापल्यावर वाचक गप्प असतो.

बोलणारा घाबरलेला असतो, त्याला प्रश्न आठवत नाहीत. म्हणून एका मित्राला ते टिपायला बसवावं. आणि त्याच रात्री, स्लाइड न उघडता, आपण काय बोललो ते सलग वाक्यांत वहीत उतरवावं. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलं, की हाती पुन्हा तेच तुटक मुद्दे उरतात.