वारूळवाडीत आपलं स्वागत

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, जुन्नर-आंबेगावातली डॉक्टर मंडळी आणि वारूळवाडीकर बंधू-भगिनींनो,

पाहुणे विचारतात, "वारूळवाडी म्हणजे नारायणगावजवळची ना?" असू दे. दोन्ही गावं एकमेकांत अशी मिसळलीत की हद्द दाखवायला तलाठीच हवा. तेव्हा नारायणगावच्या वैभवात मी वाटा मागणारच.

शिवनेरी, नाणेघाट आपण जाणता. मी तमाशा कलावंत विठाबाईंबद्दल बोलतो. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घरातली ही लेक. दिवस भरलेले असताना बोर्डावर नाचली, मागे जाऊन बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे उभी राहिली, असं सांगतात. आजही जत्रांच्या हंगामाआधी इथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे, पण नेत्रसेवेसाठी 2024 साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. मनोहर डोळे यांचं नाव घेतल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

आता परिषदेचा विषय. रुग्णाची माहिती कुणाला द्यायची? खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला आकाशाची कुजबुज ऐकायला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना लागतात. कुणाची साखर वाढली हे ऐकायला आमच्याकडे चहाची टपरी पुरते. कायद्याचं मला कळलं ते एवढंच. क्षयरोगी आढळला की सरकारला कळवायचं, 2012 पासून खाजगी दवाखान्यांनाही ते बंधनकारक आहे. 2023 चा माहिती संरक्षण कायदा जिवावर बेतलेल्या वेळी आणि साथीत उपचारासाठी संमतीची अट सोडतो. एचआयव्हीचा 2017 चा कायदा मात्र फार कडक. आणि रुग्णानं स्वतःचे कागद मागितले तर 72 तासांत द्यायचे. म्हणजे सरकारला सांगता येतं, पण भावकीला नाही. काउंटरवरून "तुमचा टीबीचा रिपोर्ट आला हो!" अशी हाक मारणाऱ्या मुलांनाही आज मुद्दाम बोलावलं आहे.

व्यवस्थेत उणिवा आहेत. टोमॅटोच्या गाड्यांमुळे पार्किंग लांब पडलं, जनरेटर कुरकुरतोय, बॅजवर काहींची आडनावं चुकलीत. पोटात घाला. मंडपवाले, टोमॅटोचे आडते, द्राक्षबागायतदार, ग्रामपंचायत, पहाटेपासून चुलीपुढे बसलेल्या बचत गटाच्या ताई, सगळ्यांचे आभार. देणगीदारांची पूर्ण यादी फलकावर आहे. ज्यांनी नाव नको म्हटलं, त्यांचं घातलेलं नाही.

दुपारी मासवडी आहे. रस्सा झणझणीत आहे. पथ्य असेल त्यांनी वाढप्याला फक्त "फिका द्या" म्हणावं, कारण तो विचारणार नाही.