वाळूची काच

श्रोतेहो, आपल्या मोहोळ तालुक्यातून वाहणाऱ्या सीनेची वाळू भट्टीत वितळवली तर काच होईल का? होईल, पण काळपट. ही वाळू काळ्या कातळाची. तिच्यात लोखंडाचा अंश फार. स्वच्छ काचेला पांढरी, गारेची वाळू लागते. ती नुसती वितळवायची तर सुमारे १,७०० अंश सेल्सिअस उष्णता हवी. सोडा मिसळला की कमी आचेवर भागते. मात्र एवढ्यावर थांबलो तर ती काच पाण्यात विरघळेल! म्हणून चुनखडी घालतात. तयार वस्तू सावकाश निववावी लागते. घाई केली की तडकते.

हे कसब नुसते ऐकून येत नाही, हातानेच शिकावे लागते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून फंड उभारला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. तिथे शिकलेले कारागीर पुढे इतर कारखान्यांत गेले.

गुरुजी, मुलांना आणखी एक सांगा. फुटकी काच मिसळली की भट्टीला जळण कमी लागते. वाटेवर टाकलेली तीच काच अनवाणी पाय कापते. ती वेगळी जमवा, भंगारवाल्याला द्या.