लघु अणुभट्ट्या आणि वऱ्हाडचे पाणी



2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अणुऊर्जा अभियान घोषित झाले. लघु अणुभट्ट्यांच्या संशोधन-विकासासाठी 20,000 कोटी रुपयांची तरतूद झाली. किमान पाच स्वदेशी भट्ट्या 2033 पर्यंत कार्यान्वित करण्याचा संकल्प आहे. 1969 साली तारापुरात अमेरिकी भट्ट्यांनी आरंभ करणाऱ्या देशाला ही अभिमानाचीच गोष्ट होय.

याचा वऱ्हाडाशी संबंध काय? भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आराखड्यातील एक लघु भट्टी सुमारे 200 मेगावॅटची आहे; पारसच्या 250 मेगावॅटच्या संचाहून थोडी लहान. निवृत्त होणाऱ्या औष्णिक केंद्रांच्या जागी अशा भट्ट्या उभारण्याचा शासनाचा विचार आहे. उद्या पारसचे नाव निघाले, तर नवल नको.

मात्र कोळसा असो वा युरेनियम, वाफ थंड करण्यास पाणी लागतेच. अकोला-अमरावतीच्या खारपाण पट्ट्यात भूजल खारे. तेथे गोड्या पाण्याचे मोल वेगळे सांगावयास नको. ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी नांदगावपेठच्या औष्णिक प्रकल्पास देण्यावरून झालेला संघर्ष अमरावतीकर विसरलेले नाहीत.

म्हणून आंधळा विरोध नको. पण पाणी किती, कोठून आणि कोणाच्या वाट्याचे, हे आधी विचारले पाहिजे. राष्ट्राच्या दिव्यासाठी वऱ्हाडाने आपला वाटा अवश्य उचलावा. शेतकऱ्याचे पाणी मात्र हिशेबाविना जाऊ नये.