नवे नगर कोणाच्या खर्चाने?

(औसा येथील बैठकीतील भाषण)



नवे नगर येणार अशी आवई उठली की आपल्या तोंडी पहिला प्रश्न येतो, एकराला भाव काय? प्रश्न चुकीचा नाही. पण तेवढाच विचारून आपण घरी गेलो तर फसलो. आणखी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. नगर उभे राहिल्यावर ते रोज चालवायचे कोणाच्या पैशाने? आणि त्याची वाहतूक कोणाच्या रस्त्यावरून जाणार?

हे आजच का बोलतो? जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शक्तिपीठ महामार्गाला मंजुरी दिली. त्या आराखड्यात ८०२ किलोमीटरचा रस्ता, १२ जिल्हे, आणि त्यात आपला लातूर व शेजारचा नांदेडही. रस्त्यामागून नगरे कशी येतात ते समृद्धी महामार्गाने दाखवले आहे. तिथे रस्त्याबरोबरच नवनगरांची घोषणा झाली. जिरायत जमिनीच्या बदल्यात २५ टक्के आणि बागायतीच्या बदल्यात ३० टक्के विकसित प्लॉट, असे गणित २०१६ मध्ये शेतकऱ्यापुढे मांडले गेले. ५ जून २०२५ रोजी रस्ता नागपूरपासून मुंबईपर्यंत खुला झाला, तेव्हा नगरे मात्र बहुतेक कागदावरच होती. रस्त्याचा टोल सुरू झाला, प्लॉटचा भाव स्वप्नात राहिला.

नगर चालवायला काय लागते ते पाहायला मुंबईला जायला नको. आपल्याच तालुक्यात किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने गावे झोपेतच गाडली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावे नव्या जागी वसवली. त्या वेळी डोक्यावर छप्पर देणे जरूर होते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण आखणी शहराची झाली. जुने गाव भिंतीला भिंत लावून बसलेले होते. नव्या गावाला रुंद रस्ते, रांगेतले प्लॉट, घराघरात मोकळे अंतर. माणसे तीच, जागा कितीतरी पट. म्हणजे तेवढ्याच घरांसाठी पाण्याची लाईन लांब, गटार लांब, दिव्याचे खांब जास्त. बांधायचा पैसा सरकारने आणि जागतिक बँकेने दिला. बल्ब बदलायचा, मोटार जळली तर भरायचा, रस्त्याचे खड्डे बुजवायचे, हे काम ग्रामपंचायतीच्या गळ्यात आले. आणि ग्रामपंचायतीजवळ असते काय? घरपट्टी आणि पाणीपट्टी. तीही सोयाबीनचा भाव पडला की थकलेली.

नव्या नगरात याहून अवघड होते. रस्ते, दिवे, गटारे पहिल्या दिवसापासून सांभाळावी लागतात. घरपट्टी मात्र घर बांधून माणूस राहायला आल्यावर. गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेला रिकामा प्लॉट गावाला काय देणार? वित्त आयोगाचे अनुदान म्हणाल, तर पंधराव्या आयोगाने ते मुख्यतः लोकसंख्येवर ठरवले, आणि लोकसंख्या धरली २०११ च्या शिरगणतीची. आज आलेला माणूस त्या हिशेबात नाहीच. शिवाय नियोजनासाठी वेगळे प्राधिकरण नेमले की बांधकाम परवानगी आणि विकास शुल्क तिकडे जाते. उत्पन्न त्यांचे, गाऱ्हाणे आपल्या सरपंचाच्या दारात!

आता वाहतूक. साधा हिशेब करू. नगरात २,००० कुटुंबे आली आणि प्रत्येकाची एकच गाडी दिवसातून एकदा गेली आणि आली, तर ४,००० फेऱ्या झाल्या. बारा तासांत वाटल्या तर मिनिटाला पाचाहून जास्त. या फेऱ्या महामार्गावर जाणार नाहीत. त्या जाणार तालुक्याच्या गावाला, शाळेला, दवाखान्याला, म्हणजे आपल्याच जिल्हा परिषदेच्या रस्त्यावरून. त्याआधी मुरुमाचे आणि खडीचे हायवा त्याच रस्त्याची चाळण करून गेलेले असतील. समृद्धीवर ट्रॅक्टरला आणि दुचाकीला बंदी आहे. तसाच रस्ता इथे आला तर आपली उसाची ट्रॉली त्या गर्दीतच अडकणार.

कोणी म्हणेल, नगर आले तर पोरांना काम मिळेल, दूधभाजीला दारात गिऱ्हाईक मिळेल. मिळेल. आम्ही विकासाच्या आड येणारे नाही. पण धंद्यात उतरायचे तर जमाखर्च आधी मांडतात. नवी मुंबईच्या शेतकऱ्याने जमीन आधी दिली आणि हिशेब नंतर मागितला. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात पाच जणांना गोळीबारात प्राण द्यावे लागले, आणि साडेबारा टक्के जमिनीची योजना त्यानंतर काही वर्षांनी आली.

आणि एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे. त्यात रस्ते, सार्वजनिक वाहतूक, गटारे, पिण्याचे पाणी यांवर काय परिणाम होईल हेही तपासायचे आहे. पण आपण राजीखुशीने संमतीपत्रावर सही केली की तो अभ्यास लागतच नाही. म्हणून जे मागायचे ते सहीच्या आधी.

काय मागायचे? पहिले, नगराचा वीस वर्षांचा जमाखर्च ग्रामसभेपुढे मांडा. दुसरे, कर कोण घेणार आणि देखभाल कोण करणार, हे लिहून द्या. तिसरे, रस्त्यावरच्या गाड्यांची मोजणी उसाच्या हंगामात आणि बाजाराच्या दिवशी करा; जूनमधल्या रिकाम्या रस्त्याची नको. आणि रुंदीकरणाचा खर्च प्रकल्पात धरा.

ही तीन उत्तरे लेखी येईपर्यंत सातबारा पेटीत आणि पेन खिशात. एवढे प्रत्येकाने आपापल्या गावात जाऊन सांगायचे आहे.