भत्ता नव्हे, दंड



सरकारी खर्चाचा प्रश्न निघाला की, बेकाराला भत्ता देणे म्हणजे आळसाला उत्तेजन, हा आक्षेप हमखास घेतला जातो. महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्याने त्याला १९७७ सालीच उत्तर दिले होते. १९७२ च्या दुष्काळाचा अनुभव आणि वि. स. पागे यांचा आग्रह यांतून आलेल्या या कायद्याने ग्रामीण प्रौढाला अंगमेहनतीचे काम मागण्याचा हक्क दिला. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता देण्याचे बंधन शासनावर घातले.

म्हणजे हा भत्ता काम टाळणाऱ्या मजुराला बक्षीस नव्हता. काम न देणाऱ्या शासनाला तो दंड होता. परंतु त्याची किमान रक्कम ठरली दिवसाला एक रुपया! मजुरीपेक्षा दंड स्वस्त असेल, तर काम काढण्याची निकड प्रशासनाला का वाटावी? आणि मागणीची नोंदच झाली नाही, तर पंधरा दिवस मोजायचे कोठून?

खर्चाची चिंता वाहणाऱ्यांनी वेळेवर काम काढावे; भत्त्यापायी एक पैसाही जाणार नाही. कार्यकर्त्यांनी मात्र प्रत्येक मजुराला अर्जाची पोच मागायला शिकवावे. हक्काची लढाई त्या कागदापासून सुरू होते.